थांबू शकणारी घरं

प्रमिलाताईंविषयी कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. "मोठी बाई. खूप शिकलो त्यांच्याकडून." इतक्या सभांमधून, इतक्या प्रशिक्षणांमधून हे बोललोय, की आता ते बोलताना माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी चालू असतं. आज ते उत्तर बाजूला ठेवतो. पन्नाशी उलटली, केस गेले, संस्थेत मी आता 'सर' झालो. खरं लिहायला याहून उशीर करणं बरं नाही. त्यातून कुणाचं काही भलं होणार नाही हेही मला ठाऊक आहे.

ताई पहिल्यांदा दिसल्या त्या भांडताना. नाशिकच्या जुन्या स्टँडवर पेठची गाडी उभी होती आणि कंडक्टर एका म्हाताऱ्या बाईला खाली उतरवत होता, तिच्या पाटीत दोन कोंबड्या होत्या म्हणून. ताई पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या.

"मग मलाही उतरव," त्या म्हणाल्या. "माझ्या पिशवीत अंडी आहेत. उद्या त्यांच्याही कोंबड्याच होणार आहेत."

"बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. नियम आहे."

"नियम कोंबडीला वाचून दाखव. तिनं ऐकलं तर ती उतरेल."

गाडी हसली. कंडक्टरही हसला, आणि म्हातारी कोंबड्यांसह बसली. मग ताई माझ्या शेजारी आदळल्या. बुटकी, जाड बाई, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात मुलांचे कॅनव्हासचे बूट. "तूच का तो नवीन? सतीश? एवढा बारीक कसा रे? डोंगरात वारा फार असतो, खिशात दगड घालून फिर."

पिशवीत अंडी नव्हती. दुधाच्या पावडरीच्या जुन्या डब्यात रांगोळी होती. तो डबा त्यांच्याबरोबर सगळीकडे जायचा. त्यांचे मिस्टर ओझरच्या कारखान्यात होते. ताई सांगायच्या, "आमच्या घरात एक माणूस विमानं करतो आणि एक रांगोळ्या काढतो. दोघांचंही काम जमिनीवरच."

आमची संस्था पेठच्या पलीकडच्या डोंगरात काम करायची. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, निदान मतदार यादीत. पावसात तिथे सगळं असतं. भात, नागली, वरई, ओढे, खेकडे. दिवाळी झाली की ओढे आटतात आणि पाडा दारं लावून खाली उतरतो. खाली म्हणजे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. छाटणीपासून ते घड उतरवण्यापर्यंत बागेच्या कडेला प्लास्टिकच्या झोपडीत राहायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. शाळेतली पोरंही जायची. मास्तर एकटा फळ्याकडे बघत बसायचा.

ताईंना एकच गोष्ट हवी होती. त्या ती सगळ्यांसमोर बोलून दाखवत. "एक वर्ष. एकच वर्ष हा पाडा दिवाळीनंतर जागेवर राहिला पाहिजे. मग मी मेले तरी चालेल."

"तुम्ही मेल्यावर पाणी काय तुमचं भूत आणंल का?" सोमीबाई म्हणायची. सोमीबाई साठीची, पाड्यातली जाणती आणि फटकळ. ताईंना उलटं बोलायचा मान फक्त तिला होता. बाकीचे ताईंना थोडे घाबरून असत.

कारण ताईंचा आवाज. "लोकांनी ठरवायचं!" हे त्या इतक्या जोरात ओरडायच्या, की लोक दचकून काहीतरी ठरवून टाकायचे. आमच्याकडची लोकशाही सक्तीची होती असं मी ऑफिसात म्हणायचो आणि सगळे हसायचे. ताईंच्या पाठीमागे त्यांची नक्कल मी उत्तम करायचो. हेही सांगून टाकतो.

सुरुवातीच्या दिवसांत मी पाड्यावर एक भाषण दिलं होतं. कॉलेजात शिकलेलं सगळं त्यात होतं : सामुदायिक विकास, दारिद्र्याची कारणं, संघटनेतून सक्षमीकरण. एक तक्ताही रंगवून नेला होता. माणसं शांत बसून ऐकत होती. ताई मागे भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. परतीच्या गाडीत मी वाट पाहत होतो, त्या काय म्हणतात याची. घाट संपल्यावर त्या म्हणाल्या, "छान बोललास रे. कुणाशी बोलत होतास?"

मी चिडलो. "मग काय करायचं? नुसतं बसून राहायचं?"

"हो. आपण पाहुणे आहोत, सतीश. पाहुण्यानं ओसरीवर बसावं. स्वयंपाकघरात शिरून भाजीत मीठ घालू नये."

हे त्यांचं आवडतं वाक्य. आपण पाहुणे. पाड्याला काय हवं ते पाड्यानं सांगायचं, कुणाला आधी हवं तेही पाड्यानंच सांगायचं. आपण विचारायचं आणि थांबायचं. त्या थांबायच्याही. बैठकीला एक घर आलं नसेल तर बैठक सुरू व्हायची नाही. पैसे देणाऱ्या संस्थेचे दोघे-तिघे साहेब एकदा मुंबईहून आले. त्यांना दुपारी परत जायचं होतं, पण बायका पाण्याला गेलेल्या. ताईंनी साहेबांना झाडाखाली घोंगडीवर बसवलं आणि पुढ्यात उडदाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. "तोवर एवढं सोलून टाका. सोमीबाईचं काम हलकं होईल आणि तुमचाही वेळ जाईल." साहेबांनी सोललं. एकानं नख दुखावून घेतलं. बायका आल्या, साहेबांना बघून तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्या दिवशीची बैठक इतकी रंगली की साहेब मुक्कामाला थांबले. त्यातूनच कामाला पैसे मिळाले.

काम असं होतं : ओढ्यावर एक पक्का बंधारा, आणि उतारावरच्या जमिनी सपाट करून भातखाचरं. खाचर झालं की भात दुप्पट, आणि बंधाऱ्याच्या पाण्यावर हिवाळ्यात हरभरा, भाजीपाला. म्हणजे दिवाळीनंतर खाली जायची गरज नाही. पण सगळ्या घरांची खाचरं एका वर्षात होणार नव्हती. अर्धी आधी, अर्धी पुढच्या वर्षी. आधी कोणाची, हा प्रश्न होता.

साहेबांनी विचारलं होतं, "गरिबांची यादी तुम्हीच करून द्या ना."

ताई म्हणाल्या, "आम्ही कोण?"

आणि त्यांनी नकाशा करायचं ठरवलं.

भादव्याचे शेवटचे दिवस होते. पाऊस उघडला होता. शाळेपुढचं अंगण सारवून घेतलं आणि ताईंनी डबा उघडला. पण रांगोळीला त्यांनी स्वतः हात लावला नाही. बायकांच्या हातात दिली. ओढा काढला, वाटा काढल्या, देवाचं झाड काढलं. मग ज्यानं त्यानं आपलं घर काढलं. कुणी दारात कोंबडं काढलं, कुणी बैल. सोमीबाईनं घरापुढे नवऱ्याला आडवा झोपलेला काढला आणि सगळं अंगण हसून लोळलं. नवराही हसला. साहेब आले होते, फोटो काढत होते.

मग ताईंनी दोन पाट्या मध्ये ठेवल्या. एकीत चिंचोके, एकीत ओढ्यातले पांढरे खडे.

"ज्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबता येईल, त्यानं आपल्या घरावर खडा ठेवायचा. ज्याला थांबता येणार नाही, त्यानं चिंचोका. कुणी कुणाला सांगायचं नाही. आपलं आपण. नंतर सगळ्यांनी बघायचं आणि पटलं नाही तर बोलायचं."

एकेक जण उठला. ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी खडे ठेवले, ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी चिंचोके. एकानं चिंचोका ठेवला तर लोकांनी आरडाओरडा करून त्याला खडा ठेवायला लावला. "ए, तुझ्या पोराला नोकरी हाय! उचल तो चिंचोका!" तोही हसत उठला आणि बदलून आला. इतकं सुंदर चाललं होतं.

मग जिजाबाई उठली.

जिजाबाई विधवा. पाड्याच्या अगदी टोकाला घर, एक मुलगी संगीता, सतरा-अठराची. जिजाबाई कुणाच्या अध्यात नसायची. चालायची ताठ. तिनं वाकून पाटीतून खडा घेतला आणि आपल्या घरावर ठेवला.

अंगण गप्प झालं.

ताई म्हणाल्या, "जिजाबाई, नक्की ना?"

"आमचं बरं हाय, ताई. आमी थांबू."

ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "कुणाचं काही म्हणणं आहे?"

मघाशी एका चिंचोक्यावरून ओरडणारी माणसं खाली बघत राहिली. सोमीबाई पदराच्या टोकाला गाठ मारत होती. 

साऱ्या पाड्याला ठाऊक होतं, की त्या अंगणात सगळ्यात आधी चिंचोका कुणाचा पडायला हवा होता तर जिजाबाईचा. पण शाळेच्या भिंतीपाशी पलीकडच्या पाड्यावरचा एक माणूस बसला होता. संगीताला बघून गेलेल्या मुलाचा मामा. सोयरीक ठरत आली होती. त्याच्यासमोर जिजाबाई 'आमच्या घरात थांबायला काही नाही' असं कसं म्हणणार? आणि तिनं खडा ठेवल्यावर, 'बाई, तुझ्याकडे तर दाणा नाही' असं बाकीचे कसं म्हणणार? नोकरीवाल्या पोराच्या बापाला ओरडून सांगता येतं. उपाशी बाईला पाहुण्यासमोर उपाशी म्हणता येत नाही. पाड्यानं तिची लाज राखली. मायेनंच राखली.

ताईंना हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

आठवड्यापूर्वीच मी घरोघर फिरलो होतो. जिजाबाईच्या चुलीवर कडू कंद शिजत होता. तो राख घालून उकळतात, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, पुन्हा उकळतात, तेव्हा कुठे तो खाता येतो. हाताशी दुसरं काही असेल तर तो कुणी खात नाही. कोपऱ्यात धान्याची कणगी पालथी पडलेली, आणि तिच्यावर कोंबडी बसलेली. संगीता मला म्हणाली होती, "दादा, चहा नाय करत. दूध नाय." आणि हसली होती. साखरही नव्हती, चहाची पूडही नव्हती. तिनं फक्त दुधाचं नाव घेतलं.

एवढं मला ठाऊक होतं आणि मी अंगणात वही हातात घेऊन उभा होतो. बोललो नाही. आपण पाहुणे, हे ताईंचं वाक्य तेव्हा मला फार सोयीचं वाटलं. साहेब बाजूला उभे राहून 'वा, वा' करत होते, आणि मला तो कार्यक्रम बिघडवायचा नव्हता. बस, एवढंच. याहून मोठं, माणसाला शोभेल असं कारण शोधण्यात मी बरीच वर्षं घालवली. सापडलं नाही.

परतीच्या गाडीत ताईंचे डोळे भरून आले होते. "पाहिलंस? स्वतःकडे काही फार नसताना म्हणाली, आम्ही थांबू. दुसऱ्याला आधी द्या. सतीश, याला म्हणतात गाव."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

बंधाऱ्यात पाणी अडलं, बांधकाम पुढे हिवाळाभर चाललं. पहिली खाचरं सपाट झाली, त्यांत हरभरा पडला. दिवाळी आली आणि चिंचोक्यांची घरं जागेवर राहिली. खड्यांच्या घरांतलेही बरेच जण त्यांच्याकडे आणि बंधाऱ्यावर कामाला लागले, त्यांचंही भागलं. ताईंनी त्या हिवाळ्यात पाड्यावरच मुक्काम ठोकला. सकाळी उठून कुणाच्या घरातून धूर निघतोय ते मोजत फिरायच्या. कॅनव्हासच्या बुटांत हरभऱ्याच्या वावरातून धावायच्या आणि पोरांना हाका मारायच्या, "शाळेत चला रे! आता कुठे पळाल? बाग नाही, काही नाही!" मास्तरांनी तक्रार केली, की आता वर्गात आवाज फार होतो. ताईंनी त्यांना चिवड्याचं पाकीट आणून दिलं. मी त्यांना इतकं आनंदात पुन्हा कधी पाहिलं नाही.

खाली गेलं ते एकच घर, पाड्याच्या टोकाचं; ताईंची धुराची मोजणी तिथवर पोचली नाही. जिजाबाईला बंधाऱ्यावर दगड उचलायला बोलावलं होतं. पण मामा यायचा-जायचा, त्याच्या डोळ्यांसमोर ती डोक्यावर दगड कसे घेणार? बागेत गेलं तर तेवढं दूर कोण बघतंय? ती संगीताला घेऊन दुसऱ्याच कुठल्या तरी पाड्याच्या टोळीबरोबर उतरली.

पाड्याची टोळी काय असते ते आम्हाला, गरिबी घालवायला निघालेल्या लोकांना, कधी समजलंच नव्हतं. आम्ही म्हणायचो, स्थलांतर म्हणजे शाप. शाप होताच. पण त्या शापात सगळे एकत्र जायचे. एक चूल पेटायची. एक म्हातारी झोपड्यांपाशी राहून तान्ह्या पोरांवर आणि वयात आलेल्या मुलींवर लक्ष ठेवायची. मुकादम जास्त बोलला तर पंधरा जणी एकदम उभ्या राहायच्या. आम्ही तो पाडा जागेवर ठेवला, आणि जी एक बाई जागेवर राहू शकली नाही, तिच्याभोवतीची माणसं तेवढी काढून घेतली.

संगीताला बागेत ताप आला. टोळी परकी होती, मालक लग्नाला गेला होता. जिजाबाई रस्त्यावर जाऊन गाड्यांना हात करत राहिली. दवाखाना जवळ होता म्हणतात. पोचायला उशीर झाला.

आम्हाला कळलं ते होळीच्या सुमारास. ताई पाड्यावरच होत्या. सोमीबाईनं चुलीपुढे बसून सांगितलं, ताईंकडे न बघता.

"आमी असतो तर झोळीत घालून नेली असती पोरीला. आमी हितं हरभरा खात होतो."

"तिनं खडा का ठेवला, सोमीबाई?" ताईंनी विचारलं. "नक्की का म्हणून मी विचारलं होतं ना?"

तेव्हा सोमीबाईनं त्यांना मामाचं सांगितलं. कणगीचं सांगितलं. कंदाचं सांगितलं. आणि म्हणाली, "ताई, तुम्ही चारचौघांत इचारलं. चारचौघांत कोण सांगंल?"

ताई दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या. माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. आवाज अगदी लहान होता. मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"सतीश, तुला ठाऊक होतं का रे?"

"नाही, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं.

जिजाबाई पाड्यावर परतली नाही. तिची झोपडी त्या पावसात बसली. आणि खड्यांच्या घरांचं पुढचं वर्ष आलंच नाही. पैसे देणाऱ्यांनी कळवलं, की हा पाडा आता यशस्वी झालाय, आता गरज दुसरीकडे आहे. यशस्वी गावाला मदत कशाला? ताई मुंबईला गेल्या, भांडल्या, रडल्या. साहेबांनी त्यांना चहा दिला आणि अंगणातल्या नकाशाचा मोठा करून भिंतीवर लावलेला फोटो दाखवला.

त्याच पावसात बंधारा बुडातून गळायला लागला. दगड-माती घालून बुजवता आला असता, पण त्याला सगळ्या पाड्याचे हात हवे होते. बैठक झाली. खड्यांची घरं एका बाजूला बसली, चिंचोक्यांची दुसऱ्या.

"खाचर तुमचं, पाणी तुमचं. बांधा तुमचं तुम्ही," एक जण म्हणाला.

"गेल्या साली आमच्याकडं मजुरी खाल्ली ती?"

"मजुरीच खाल्ली ना! मालक झाला का रे तू?"

ताई मध्ये उभ्या राहून ओरडल्या, "अरे, तुमचा पाडा एक आहे!" आणि सोमीबाई म्हणाली, "व्हता." ती बैठक तिथेच संपली. त्या दिवाळीनंतर पाडा पुन्हा खाली उतरला. पण आता दोन टोळ्यांनी, दोन वेगळ्या टेम्पोंतून. मास्तर पुन्हा फळ्याकडे बघायला लागला.

ताईंनी काम सोडलं. निरोप समारंभ करू दिला नाही. रांगोळीचा डबा ऑफिसातच राहिला, कुणीतरी त्यात स्टेपलरच्या पिना ठेवल्या. मी त्यांच्या जागेवर आलो. गंगापूर रोडला फ्लॅट झाला, मुलगी इंजिनीअरिंगला गेली. गरिबीवर माझं बरं चाललं. नव्या मुलामुलींना मी आजही तीच पद्धत शिकवतो, कारण दुसरी मला येत नाही. पडद्यावर तो फोटो येतो : सारवलेलं अंगण, वाकलेली जिजाबाई, हातात पांढरा खडा. मी म्हणतो, "समुदायाच्या सहभागाचं हे उत्तम उदाहरण." मुलं लिहून घेतात. हा फोटो मी काढून टाकू शकलो असतो. एकदा काढलाही होता. मग प्रशिक्षण उभं राहिना, म्हणून परत घातला.

मधल्या काळात ताईंचे मिस्टर गेले. मी भेटून आलो. दोघंही हवापाण्यावर बोललो.

मागच्या वर्षी लायसन्सच्या कामासाठी मी सकाळी पेठ रोडला गेलो होतो. वाटेत फाट्यावर मजुरांचा अड्डा भरतो. डबे घेतलेल्या बायका, पुरुष, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून असतात. टेम्पो येतात, माणूस खाली उतरून बोटानं निवडतो, निवडलेले चढतात. सिग्नलला गाडी थांबली आणि एका पायरीवर मला ताई दिसल्या. केस पूर्ण पांढरे, पायांत साध्या चपला. त्यांच्या शेजारी एक वाळलेली, ताठ बसलेली बाई. जिजाबाईला ओळखायला मला वेळ लागला.

मी गाडी कडेला घेऊन गेलो. ताईंनी हात वर केला. "ये. जाड झालास. आता वाऱ्यानं उडणार नाहीस."

"ताई, तुम्ही इथे?"

"येते अधूनमधून. हिच्याबरोबर बसते." त्या जिजाबाईकडे वळल्या. "हा सतीश. ओळखलंस?"

जिजाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "घरी आले व्हते ते," ती म्हणाली. बाकी काही नाही.

"चल म्हणते हिला," ताई म्हणाल्या. "पाड्यावर चल, नाहीतर माझ्याकडे नाशिकरोडला चल. घर रिकामं पडलंय. ऐकत नाही."

"ताई, कितींदा सांगू? आमचं बरं हाय हितं."

हे अगदी सहज आलं. थोड्या वेळानं जिजाबाई पाणी प्यायला नळावर गेली आणि मी बोललो. इतकी वर्षं न बोललेलं त्या रस्त्यावर, हॉर्नच्या आवाजात. "ताई, मला ठाऊक होतं. मी घरी गेलो होतो तिच्या, कणगी बघितली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

त्यांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर रागवाव्यात अशी माझी इच्छा होती.

"तू अंगणात बोलला असतास ना," त्या म्हणाल्या, "तर मी तुलाच गप्प केलं असतं. मीठ घालू नकोस म्हटलं असतं." मग गुडघा चोळत म्हणाल्या, "सगळं तुझ्या नावावर लावून घेऊ नकोस. ती वाटणीही तुला एकट्याला मिळणार नाही."

"मग आता काय करायचं?"

"मला माहीत नाही रे. खरंच माहीत नाही. पूर्वी माहीत असायचं."

जिजाबाई येऊन बसली. एक टेम्पो आला. मुकादमानं खाली उतरून पायऱ्यांवरून नजर फिरवली. तरुण बायका उठल्या, त्याच्या भोवती झाल्या. जिजाबाईही उठून उभी राहिली, पदर नीट केला, डबा पुढे धरला. त्याचं बोट तिच्या शेजारच्या बाईवर थांबलं, मग तिच्या पलीकडचीवर. "आजी, तुला झेपणार नाही. बस," तो म्हणाला. वाईट बोलला नाही. टेम्पो भरून निघून गेला. पुढच्या टेम्पोतही तसंच झालं. ऊन वर आलं, अड्डा विरळ झाला. मला उशीर होत होता. मी निरोप घेतला, गाडीत येऊन बसलो, पण किल्ली फिरवली नाही.

दुकानाचा मालक स्कूटरवरून आला. त्यानं कुलूप काढलं आणि पायरीवरच्या दोघींना हातानं बाजूला व्हा म्हणून खुणावलं.  एकेकाळी या माणसाला ताईंनी भर रस्त्यात नियम शिकवला असता. आता त्यांनी जिजाबाईच्या खांद्यावर हात टेकला, जिजाबाईनं त्यांच्या कमरेला धरलं, आणि दोघी एकमेकींचा आधार घेत उठल्या. शटर धडधडत वर गेलं. शेजारचं दुकान अजून बंद होतं. दोघी हळूहळू तिथपर्यंत गेल्या, ताईंनी पदरानं पायरी झटकली, आणि त्या तिथे बसल्या.